पातं विकत न घेता दाढी: एका रोल्स रेझरच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवार बाजारात गेलो होतो मेथी आणि गावठी वांगी आणायला. गाडगे महाराज पुलाच्या अंगाला जुनं लोखंड-पितळ अंथरून बसणारे असतात, तिथे पाय आपोआप थांबतात. कुलपं, नळाच्या चाव्या, काटे गेलेलं गजराचं घड्याळ, आणि त्यांच्यात हिरवट पडलेली एक चपटी डबी. "सिगारेटची डबी आहे काका, साहेबलोकांची," विकणारा म्हणाला. हातात घेतली तर सिगारेटच्या डबीला नसतं एवढं वजन. एका टोकाला छोटी मूठ. एक झाकण उचकटून ती मूठ ओढली, तर आतलं पातं खडखडत पुढे आलं आणि टोकाला पोचताच पलटी मारून दुसऱ्या अंगावर झालं.

रोल्स रेझर. इम्पीरियल नंबर दोन. चित्रात शंभरदा पाहिलेला, हातात पहिल्यांदा.

सहाशे सांगितले, साडेतीनशेला दिला. चेहरा कोरा ठेवायला जरा कष्ट पडले. मेथी आणायची राहिली. घरी त्यावर व्हायचं ते बोलणं झालं.

स्थिती: पात्यावर गंजाचे तांबूस ठिपके, पण धारेच्या अगदी कडेला दोनच. पट्ट्याचं चामडं वाळून पापडासारखं. दगड मधोमध तडकलेला. दाढीच्या वेळी पात्याला लावायची दांडी डबीतच, शाबूत. डबीला चुंबक कुठेच चिकटत नाही, म्हणजे खाली पितळ आणि वर निकेलचा मुलामा.

१४ नोव्हेंबर

या नोंदी ठेवण्याचं कारण लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच कळणार नाही की एवढा खटाटोप कशाला.

माझ्याकडे सात जुने रेझर आहेत, त्यातले चार एकधारी. एव्हररेडी १९१२ (साल रेझरचं नव्हे, त्यावर कोरलेल्या पेटंटचं), जेम मायक्रोमॅटिक, व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप, आणि आता हा. जेम माझा सगळ्यात लाडका. दांड्याखालची कळ फिरवली की डोकं उघडतं, ब्लेड आत सरकवायचं, उलटी फिरवली की घट्ट. टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला असली यंत्रणा बघितली की हात शिवशिवतात.

पण त्याचं ब्लेड इथे मिळत नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं ते दुधारी. मायक्रोमीटर लावून बघितलं: दुधारी ब्लेड ०.१० मिलिमीटर, जेमचं ०.२३. दुपटीपेक्षा जाड, आणि मागच्या कडेला दुमडलेल्या पत्र्याची पाठ. म्हणून ते वाकत नाही, थरथरत नाही, आणि चार दिवसांची दाढी असली तरी कुरकुरत नाही. ती ब्लेडं मी परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून मागवतो. आज शिल्लक अकरा. एक ब्लेड चार-पाच दाढ्या जातं. हिशेब सोपा आहे आणि सुखाचा नाही.

रोल्सला ब्लेड लागतच नाही. एकच पातं, जाड, पोखरून (दोन्ही अंगांनी खोलगट) घासलेलं, वस्तऱ्याच्या जातीचं. डबीच्या एका झाकणात चामड्याचा पट्टा, दुसऱ्यात दगड. ज्याचं काम असेल ते झाकण खाली, वरचं काढून टाकायचं, आणि मूठ मागे-पुढे ढकलायची. दर फेरीला पातं आपण होऊन पलटतं. पट्टा रोज, दगड कधीतरी.

खरं तर सेफ्टी रेझरची सुरुवात असल्याच विचारातून झाली. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतलेला 'स्टार' एकधारीच होता, आणि त्याचं पातं लोक पट्ट्यावर मारून पुन्हा पुन्हा वापरत. मग जिलेटसाहेबांनी फेकून द्यायचं पातळ ब्लेड आणलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. त्यानंतर काय झालं ते आपल्या प्रत्येकाच्या न्हाणीघरात दिसतं. माझा आक्षेप ब्लेडला नाही, ते उत्तमच असतं. फक्त ज्या रेझरचं ब्लेड बाजारातून उठलं, तो दुसऱ्या दिवसापासून शोभेची वस्तू होतो. रोल्स तसा होत नाही, असं मला वाटतंय. ते खरं की खोटं ते बघायचं आहे. अट एकच: या पात्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही.

१६ नोव्हेंबर

मूर्खपणा केला. लिहून ठेवतो.

पितळ म्हटल्यावर डोक्यात चिंच आली. दगडाच्या बाजूचं झाकण दगड काढून चिंचेच्या कोळात बुडवलं आणि रात्रभर विसरलो. सकाळी हिरवा थर गेला, आणि त्याच्याबरोबर कडेचा निकेलही पापुद्रे सुटून गेला. आता एका कोपऱ्यावर पिवळंधमक पितळ, बाकी करडं. मुलाम्याखाली आधीच गंज शिरलेला असेल तिथे आंबट पोचलं की वरचा थर उचलला जातो, हे मी नोकरीत पोरांना शिकवलेलं आहे.

बायको म्हणाली, "अहो, समई होती का ती?"

बाकी सगळं साबणाचं कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश आणि सुती फडकं, एवढ्यावर केलं. झालं स्वच्छ. म्हणजे चिंचेची गरज नव्हतीच.

१९ नोव्हेंबर

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लेटिंगवाल्याला झाकण दाखवलं. म्हणाला, करून देतो, पण जुना थर उतरवून बफ मारावा लागेल, अक्षरं पुसट होतील. नको म्हटलं. पिवळा कोपरा राहू दे तसाच.

२२ नोव्हेंबर

दगड. तडा आरपार, दोन तुकडे. अॅराल्डाइट लावून क्लॅम्पमध्ये चोवीस तास ठेवले. सांध्यावरून नख फिरवलं तर काही लागत नाही. म्हणून खूश होऊन पातं चौकटीत बसवलं आणि वीस फेऱ्या मारल्या.

दहापट भिंगातून धार बघितली आणि खुर्चीत बसलो. मधोमध ओळीने पाच दाते. काल नव्हते. मग डायल (बारीक उंची मोजायचं घड्याळ) लावला, तर सांध्यावर पाच शतांश मिलिमीटरची पायरी. घाईत फिरवलेल्या नखाला ०.०५ कळलं नाही, धारेला कळलं. पातं पलटी मारून दर वेळी त्याच पायरीवर आपटत होतं.

म्हणजे आधी मोजायचं आणि मग करायचं, हा क्रम मी घरी आलो की उलटा करतो.

२३ नोव्हेंबर

जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर, त्यावर दगड घासून सपाट करायचा प्रयत्न. दगड इतका कडक की दोन तासांत पेपरच संपले. पायरी ०.०२ वर आली. धारेसाठी एवढीही नको. या दगडाची निवृत्ती जाहीर. तो डबीत राहील, काम करणार नाही. (अशी माणसं कारखान्यातही असत.)

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. आज घरात दाढी नाही. पातं कागदात गुंडाळून पंचवटीत नानांकडे गेलो.

नानांचं वय सत्तरीच्या पुढे. रामकुंडावर क्षौर करण्यात त्यांच्या वडिलांचं आणि त्यांचं आयुष्य गेलं, आता दुकान मुलगा बघतो. तिथे हल्ली सगळीकडे असतो तसा ब्लेडचा वस्तरा: दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं लावायचं, गिऱ्हाईक उठलं की टाकायचं. नाना त्याला "पत्रा" म्हणतात. वडिलांचा खरा वस्तरा त्यांनी लोखंडी पेटीतून काढून दाखवला. पाठ जाड, पोट पोखरलेलं. माझं पातं त्याच्याशेजारी ठेवलं तर आजोबा आणि नातू दिसावेत तसे.

नाना पातं उजेडाकडे धरून म्हणाले, "हे तू दगडावर आपटलंस."

"नाना, दगडाला पायरी होती. पाच शतांश."

"ते शतांश तुझ्याकडे ठेव. आवाज काय येत होता?"

आवाज मी ऐकलाच नव्हता. नानांनी भिंतीला टांगलेला पट्टा ताणला आणि वस्तरा वर-खाली फिरवला. पाठ पुढे, धार मागे. वळवताना धार नाही, पाठ टेकवून वळवायचा. आधी सुं-सुं असा कोरडा आवाज होता, पंधरा-वीस हातांनी तो जाड, ओलसर झाला. "असा झाला की थांबायचं. पुढे मारशील तेवढी धार गोल होते."

पट्ट्याला तेल लावू का, विचारलं. "तेल कशाला, भजी तळायचीत? तळहात फिरव रोज. हाताला असतं तेवढंच तेल पुरे."

पैसे घेतले नाहीत. चहा मात्र माझ्याकडून घेतला.

३० नोव्हेंबर

अॅल्युमिनियमच्या पट्टीतून पात्यासाठी धरणी कापली. डबीच्या चौकटीत पातं ज्या कोनात टेकतं तोच कोन धरणीत आणायचा होता. त्यासाठी जुनी युक्ती: धारेच्या उतारावर काळा मार्कर फासायचा, माझ्या सपाट तेलदगडावरून एक फेरी, आणि शाई कुठली गेली ते बघायचं. पहिल्यांदा फक्त खांद्यावरची, म्हणजे उताराच्या वरच्या कडेची, गेली, धारेची तशीच. पट्टीखाली पत्र्याचं पॅकिंग देत देत पाचव्या वेळी शाई धारेपर्यंत सारखी पुसली.

मग दोन तास. दाते जाईपर्यंत जाड दगड, नंतर बारीक, नंतर काचेवर दोन हजारचा पेपर. दर दहा फेऱ्यांना भिंग. चौथा दाता जायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि पाचवा कधी गेला ते कळलंही नाही. बर (घासताना धारेवर उलटणारी धातूची बारीक कड) दोन्ही बाजूंनी सारखी होत गेली, मग दिसेनाशी झाली.

रात्री मनगटावरचे केस गेले. पण मनगटावरचे केस कशानेही जातात.

३ डिसेंबर

पहिली दाढी. वाईट.

डाव्या गालावर ओढ बसली, हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त. गळ्याला हात लावायची हिंमत झाली नाही, उरलेली दाढी जेमने केली. तुरटीचा खडा फिरवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. बायकोने दारातून बघितलं आणि काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

दुपारी डोकं शांत झाल्यावर आरशासमोर कोरडाच दोन्ही रेझर धरून बघितले. जेमची रीत अशी की डोक्याचा वरचा सपाट भाग गालाला पूर्ण टेकवायचा आणि तसाच खाली आणायचा, दांडा चेहऱ्यापासून बराच बाहेर राहतो. दुधारीच्या सवयीने दांडा खाली पाडला तर जेम कापतच नाही. मी वर्षभर जेम वापरून हाताला ती सवय लावलेली, आणि तोच हात रोल्सला लावला. रोल्सचं पातं पाचरीसारखं जाड. त्या कोनात ते केस कापत नव्हतं, कातडी खरवडत होतं. दांडा खाली आणून पुढची संरक्षक पट्टी गालावर टेकवली, तर पातं जवळजवळ आडवं पडतं. वस्तरा असाच धरतात. नानांकडे तासभर बसून हे माझ्या लक्षात येऊ नये?

७ डिसेंबर

हनुवटी बरी होईपर्यंत उद्योग म्हणून एक भलताच प्रयोग: दुधारी ब्लेड मोडून अर्धं जेममध्ये. त्याला पाठ नाही, त्यामुळे आतली स्प्रिंग ते पुढच्या अडसरांवर नीट दाबून धरत नाही. एका बाजूने सरकून तिरकं झालं. पत्र्याची पट्टी मागे सरकवून जाडी भरून काढली, तर बसलं, पण गालावर टर्रर्र वाजायला लागलं. दोन फटक्यांत बंद केलं. कुणी करू नये.

व्हॅलेट ऑटोस्ट्रॉपही काढून बघितला. याची कल्पना रोल्सच्या उलट: डबीत पट्टा नाही, रेझरच्याच डोक्यातून पट्टा ओवायचा आणि मागे-पुढे ओढायचा, ब्लेड न काढता धार लागते. हेन्री गाइसमन नावाच्या अमेरिकन कल्पक माणसाचं हे काम. पुढे नव्या ब्लेडच्या पेटंटवरून त्याची आणि जिलेट कंपनीची जुंपली, आणि १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र होऊन प्रकरण मिटलं. कारभार बराचसा गाइसमनच्या हाती आला. रेझर सुंदर आहे. माझ्याकडच्या त्याच्या एकुलत्या ब्लेडला मात्र कडेने गंजाने खाल्लंय, त्यामुळे तो कपाटातच.

१० डिसेंबर

बफिंगवाल्या मित्राकडून धातूला चकाकी आणायच्या हिरव्या वडीचा तुकडा आणला. विकत नाही, फुकट, म्हणजे अट मोडली नाही. जुन्या कमरपट्ट्याचं चामडं लाकडी पट्टीवर चिकटवून त्यावर वडी घासली. त्यावर पंधरा हात, मग डबीतल्या पट्ट्यावर.

डबीतला पट्टा आता ओळखू येत नाही. गेले तेरा दिवस टीव्ही बघता बघता तळहात फिरवतोय. पापडाची आता पुरणपोळी झाली आहे.

पहाटे साडेपाचला फेऱ्या मारायला बसलो. हा रेझर खडखड-खडखड असा बोलतो की चाळीत असतो तर शेजारी आले असते. मुलगी उठून बाहेर आली. "बाबा, शिवणयंत्र काढलंय का?"

पण आवाज बदलतो! पहिल्या दहा फेऱ्यांना टक-टक, पुढे त्याखाली एक जाड घासणी ऐकू येते. वर पातं पलटण्याचा गोंगाट असल्याने कान द्यावा लागतो. बाविसाव्या फेरीला थांबलो.

दाढी: गाल चांगले, हनुवटी बरी, गळा सोडून दिला.

१४ डिसेंबर

झाली.

बाहेर नऊ अंश. निफाडकडे याहून खाली गेलं असणार, द्राक्षवाल्यांची झोप उडाली असेल. अशा गारठ्यात दाढीचं पाणी गरम हवंच, नाहीतर खुंट तारेसारखे उभे राहतात. आंघोळ आधी, मग दाढी. ब्रश गरम पाण्यात ठेवून झटकला, साबणावर फिरवला आणि फेस तोंडावरच केला. पाणी थेंबाथेंबाने वाढवत गेलो. जाड पात्याला फेस ओला लागतो. जेमला चालतो तो दह्यासारखा घट्ट फेस रोल्सच्या पट्टीत अडकून बसतो.

दांडा खाली, पट्टी गालाला, हाताचं वजन नाही. रेझरचं स्वतःचं वजनच पुरतं. एक हात सुलट, एक आडवा. उलट हात मुद्दाम नाही मारला. आवाज येतो तो वस्तऱ्याचा, कोरड्या पानावरून कुणी चालावं तसा. गळ्यावर केस दोन दिशांनी उगवतात, तिथे कातडी ताणून तीन लहान फटके. तुरटी लावली, काही चुरचुरलं नाही. गालावरून उलटा हात फिरवला: जेमइतकी गुळगुळीत नाही. त्याच्या खालोखाल. संध्याकाळी पाचला मात्र जेमच्या दिवशी असते त्यापेक्षा चेहरा शांत होता.

वेळ बावीस मिनिटं. त्यातली सात पट्टा मारण्याची आणि पातं पुसून, वाळवून, परत चौकटीत बसवण्याची. ही सात मिनिटं टाळली तर दुसऱ्या दिवशी ठिपका दिसतो. हे पातं स्टेनलेस नाही. पुसताना फडकं धारेकडून पाठीकडे नाही, पाठीकडून धारेकडे. अंगठ्याला आज तेही शिकवलं.

२८ डिसेंबर

दोन आठवड्यांत नऊ दाढ्या. पातं दगडावर एकदाही नाही, हिरव्या वडीवर एकदा. ओढ लागली फक्त एकदा, तेव्हा पट्टा मारायला कंटाळलो होतो.

देवळाली कॅम्पचा जुना सहकारी घरी आला होता. डबी बघून म्हणाला, आमच्याकडे कॅम्पात अशा वस्तू घरोघर होत्या, साहेब मायदेशी निघाला की लिलाव व्हायचा आणि वडील काहीबाही उचलून आणायचे. माझी डबी तिथूनच गंगेवर आली असेल असं म्हणायचा मोह होतो. पुरावा काही नाही. पण बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने देवळालीत अडकून पडलेले गोरे शिपाई डोक्याने भ्रमिष्ट व्हायचे, आणि त्यावरून इंग्रजीत वेड्याला 'डूलॅली' म्हणतात, ही गोष्ट खरी आहे. रोज पहाटे खडखड करणाऱ्या माणसाला तो शब्द लागू पडतो, असं घरच्यांचं मत पडलं.

रोल्स कंपनीचा शेवटही त्याला सांगितला. मोटारीच्या रोल्सशी हिचा काही संबंध नव्हता. लोक ब्लेडकडे वळल्यावर रेझरचा धंदा आटला, कंपनी जॉन ब्लूम नावाच्या तरुण व्यापाऱ्याकडे गेली आणि त्या नावाखाली कपडे धुण्याची यंत्रं घरपोच विकली जाऊ लागली. १९६४ च्या जुलैत दिवाळं वाजलं. मित्र म्हणाला, जी वस्तू एकदा घेतली की पुन्हा काही घ्यावंच लागत नाही, ती विकणाऱ्याचं आणखी काय होणार? तो अकाउंट्समध्ये होता.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

संक्रांत आणि बाजार एकाच दिवशी. घाटावर वाणाच्या सुगडांची गर्दी, त्यात सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं, चालायला जागा नाही. लोखंडवाला नेहमीच्या जागेपासून बराच वर सरकलेला. मला बघून त्याने पोत्याखालून काहीतरी काढलं.

दुसरा रोल्स. पातं नाही, दांडी नाही, मूठ वाकडी. पण दगड अखंड. डायल खिशात नव्हता, म्हणून स्टीलची पट्टी टेकवून उजेडाकडे धरली. खालून उजेडाची रेघही आली नाही.

"किती?"

"आठशे."

"अहो, दोन महिन्यांपूर्वी पूर्ण डबी साडेतीनशेला दिलीत, याला तर पातंही नाही!"

"तेव्हा सिगारेटची होती काका," तो म्हणाला. "तुम्ही गेल्यावर पोराने मोबाईलवर बघितलं."

सातशेला आणला. विकत घ्यायचं नाही ही अट पात्यापुरती होती, दगडाबद्दल मी काही बोललो नव्हतो. वर लिहिलेलं पुन्हा वाचून बघितलं, तर "काही विकत घ्यायचं नाही" असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. जेमची ब्लेडं शिल्लक: दहा. एक ३ डिसेंबरला गेलं. दगड मेथीच्या पिशवीत तळाशी आहे, आणि आज मेथी आठवणीने आणली आहे.